कार्यालयीन आज्ञावली आणि अभिलेखाचे आयुष्य

शासकीय कार्यालयात नवे संगणक आले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. सॉफ्टवेअर कोणते बसवायचे, आणि त्याचे परवाने किती घ्यायचे? पहिल्याचे उत्तर बहुधा पुरवठादार देतो आणि दुसऱ्याचे लेखा शाखा देते. तिसरा एक प्रश्न मात्र टिपणीत क्वचितच आढळतो. आज या संगणकावर जो दस्तऐवज तयार होणार आहे, तो वीस-पंचवीस वर्षांनी, हा संगणक आणि ही आज्ञावली दोन्ही भंगारात गेल्यावर, कोणाला आणि कशाच्या साह्याने वाचता येईल? प्रशासनाच्या दृष्टीने माझ्या मते हाच मुख्य प्रश्न आहे. तो आपल्याकडे कसा निर्माण झाला आणि त्याची उत्तरे शोधण्याचे कोणते प्रयत्न झाले, याचा इतिहास येथे थोडक्यात मांडत आहे.

दप्तराची भाषा वा लिपी बदलणे ही भारतीय प्रशासनाला नवी गोष्ट नाही. अकबराच्या काळात तोडरमलाने महसुलाचे हिशेब फारसीत ठेवण्याची पद्धत रूढ केली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो दप्तरातील फारसी शब्दांना पर्याय मिळावेत म्हणून. इंग्रजी अमलात १८३७ च्या कायद्याने न्यायालयीन व महसुली कामकाजातील फारसीची सक्ती दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला. मराठी मुलखात शतकानुशतके चाललेली मोडी विसाव्या शतकात व्यवहारातून गेली, आणि आज पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद वाचण्यासाठी मोडीचा जाणकार लागतो. अशा प्रत्येक बदलानंतर जुने कागद वाचणारे कमी झाले हे खरे. परंतु फारसी असो वा मोडी, ती शिकण्यास कोणालाही मज्जाव नव्हता. लिपीचा कोणी मालक नव्हता. चिकाटीने शिकणारा माणूस दोनशे वर्षांपूर्वीची सनद आजही वाचू शकतो.

टंकलेखन यंत्र आले तेव्हाही ही स्थिती बदलली नाही. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, त्यातून निघालेला कागद वाचण्यासाठी त्या यंत्राची गरज नसे. कार्बन प्रत नस्तीला लावली की काम संपले. लिपिक बदलला, यंत्र निर्लेखित झाले, तरी नस्ती वाचता येत असे. लिहिण्याचे साधन आणि वाचण्याचे साधन एकमेकांपासून स्वतंत्र असणे हा कागदाचा मोठा गुण होता. तो इतका अंगवळणी पडला होता की त्याचे महत्त्व कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजेच एनआयसी, १९७६ साली स्थापन झाले. पुढच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे जाळे जिल्ह्यांपर्यंत पोहोचले. त्या काळातील कार्यालयीन आज्ञावली म्हणजे लिहिण्यासाठी वर्डस्टार, कोष्टकांसाठी लोटस १-२-३ आणि याद्यांसाठी डीबेस. वर्डस्टार १९७८ मध्ये आणि लोटस १९८३ मध्ये बाजारात आले होते. प्रत्येकाची फाइल साठवण्याची रीत निराळी. वर्डस्टार तर शब्दाच्या शेवटच्या अक्षरात स्वतःची एक खूण मिसळत असे. त्यामुळे त्याची फाइल दुसऱ्या साधनाने उघडल्यास जवळजवळ प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर बिघडलेले दिसे. दस्तऐवज वाचण्यासाठी तो ज्या आज्ञावलीत लिहिला तीच आज्ञावली हवी, ही स्थिती आपल्या कार्यालयांत प्रथमच आली ती अशी.

भारतीय भाषांच्या बाबतीत आरंभ मात्र आश्वासक होता, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत भारतीय लिप्यांसाठी संशोधन झाले. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने ते जिस्ट या नावाने पुढे नेले. संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की डॉसवरील नेहमीच्या आज्ञावलींतही देवनागरी, तमिळ वा बंगाली लिहिता येत असे. त्यामागे इस्की ही समान संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून मान्यता दिली. संकेतांच्या २५६ जागांपैकी खालचा अर्धा भाग इंग्रजीला आणि वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिपी, अशी तिची रचना होती. देवनागरीतील 'क' आणि तमिळमधील 'क' यांचा संकेत एकच. कळफलकही एकच, तो इनस्क्रिप्ट. देशातील सर्व भाषांच्या दप्तरांना एका सूत्रात बांधणारी ही योजना होती, आणि आपण ती जगाच्या बरीच आधी केली होती.

नव्वदच्या दशकात विंडोज आले आणि हे सूत्र तुटले. सुंदर दिसणारे अनेक फाँट बाजारात आले, पण ते इस्कीचे संकेत पाळत नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवणे हा त्यांचा मार्ग होता. हिंदी प्रदेशात सर्वत्र पसरलेल्या कृतिदेव फाँटमध्ये 'भारत' हा शब्द संगणकाच्या लेखी एच, के, के, जे, आर या पाच इंग्रजी अक्षरांच्या स्वरूपात साठतो. तो फाँट संगणकावर असेल तर 'भारत' दिसतो, नसेल तर ही पाच अक्षरे दिसतात. मराठीतही अनेक फाँट झाले, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. कागदावर छापून पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नसे, कारण छापील प्रत निर्दोष येई. शोध, अकारविल्हे यादी, एका शाखेतून दुसरीकडे पाठवणे या सर्व गोष्टी मात्र अशक्य झाल्या. इंग्रजी दस्तऐवज जगभर चालत होते, आणि त्याच संगणकावरील हिंदी वा मराठी दस्तऐवज शेजारच्या टेबलावरही चालत नव्हते. भारतीय भाषांत संगणकावर काम होत नाही, हा समज अधिकारीवर्गात पक्का होण्यामागे हे एक मोठे कारण होते.

या दुखण्यावरचे औषध त्याच १९९१ साली जन्मास आले होते. युनिकोडची पहिली आवृत्ती त्या वर्षी प्रसिद्ध झाली, आणि तीमधील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. पण सामान्य कार्यालयाला ती उपलब्ध झाली विंडोज २००० पासून. त्यापूर्वीच्या विंडोज ९८ च्या संगणकांवर देवनागरी युनिकोड नीट दिसत नसे, आणि आपल्या कार्यालयांत असे संगणक पुढे कित्येक वर्षे चालू होते.

दुसऱ्या बाजूला खुद्द कार्यालयीन आज्ञावलीतही एक घडामोड चालली होती. जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीचा स्टारऑफिस हा संच सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतला आणि पुढील वर्षी त्याचा स्रोत सर्वांना खुला केला. त्यातून ओपनऑफिस निर्माण झाले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती मे २००२ मध्ये आली. ते विनामूल्य होते हे सर्वांना दिसले. त्याहून महत्त्वाचे असे की ते विंडोज व लिनक्स या दोन्हींवर सारखेच चालत होते, आणि त्याची फाइल म्हणजे प्रत्यक्षात आवळून बांधलेला साधा मजकूर होता. ते गाठोडे सोडले की कोणत्याही साध्या संपादकात आशय वाचता येई. कागदाचा जो गुण आपण गमावला होता, तो अंशतः येथे परत येत होता.

२००४ च्या सुमारास एका छोट्या केंद्रीय कार्यालयात हे सर्व प्रश्न एकत्र पाहण्याची मला संधी मिळाली. चौदा संगणक. त्यांपैकी पाचांवर विंडोज ९८, सहांवर विंडोज एक्सपी, दोघांवर लिनक्स, आणि वेतनपत्रकांसाठी जपून ठेवलेला डॉसचा एक. राजभाषा अधिनियम १९६३ च्या कलम ३(३) प्रमाणे परिपत्रके हिंदी व इंग्रजी दोन्ही भाषांत काढावी लागत. स्थानिक भाषेतील पत्रव्यवहार वेगळाच. द्विभाषिक परिपत्रकातील संपूर्ण मजकुराचा फाँट कोणी नकळत बदलला की हिंदी भागाची इंग्रजी अक्षरांची जत्रा होई, हा नित्याचा अनुभव होता.

आम्ही प्रथम संगणकांची यादी करण्याऐवजी दस्तऐवजांची यादी केली. कोणते कागद वर्षभरात निकाली निघतात, कोणते दहा वर्षे ठेवायचे आणि कोणते कायम जतन करायचे, ही वर्गवारी अभिलेख नियमांत असतेच. ती संगणकातील फाइलींना कोणी लावत नाही, एवढेच. ही यादी झाल्यावर सॉफ्टवेअरची निवड सोपी झाली. एक्सपी व लिनक्सवर ओपनऑफिसची १.१ ही आवृत्ती बसवायची, विंडोज ९८ वर इंग्रजी काम ठेवायचे आणि देवनागरीचे काम टप्प्याटप्प्याने युनिकोडवर न्यायचे, असे ठरले.

बसवण्याची रीत आज जुनी झाली असली तरी तीमागील तत्त्व सांगण्यासारखे आहे. त्या आवृत्तीत सर्व्हरवर एकदाच संपूर्ण संच ठेवता येत असे, आणि प्रत्येक संगणकावर वापरणाऱ्याच्या वैयक्तिक पसंतीच्या थोड्याशाच फाइली जात. विंडोजसाठी एक आणि लिनक्ससाठी एक, असे दोन संच सर्व्हरवर ठेवावे लागले. दस्तऐवजांचे कपाट मात्र दोघांना समान. लिनक्स सर्व्हरवरील सांबा या आज्ञावलीमुळे विंडोजच्या संगणकांना ते कपाट आपलेच वाटे. फायदा असा की सुधारित आवृत्ती एकाच जागी बसवली की सर्वांना मिळे. तोटाही तितकाच उघड होता. सर्व्हर वा केबल बंद पडली की सगळ्या कार्यालयाचे लेखन थांबे. म्हणून आस्थापना आणि लेखा या दोन शाखांत संपूर्ण संच त्या-त्या संगणकावरच बसवला.

बारीकसारीक अडचणी अनेक आल्या. लिनक्सला फाइलीच्या इंग्रजी नावातील लहान व मोठी लिपी वेगळी वाटते, विंडोजला वाटत नाही. त्यामुळे एकाच पत्राच्या दोन प्रती वेगवेगळ्या नावांनी साठत. दोन संगणकांवरील फाँट वेगळे असल्याने एकावर दोन पानांत बसणारे पत्र दुसऱ्यावर तिसऱ्या पानावर जाई आणि स्वाक्षरी एकटीच पडे. यासाठी तीन नियम केले. नावे लहान लिपीत आणि क्रमांकासह द्यायची. ठरलेले दोनच फाँट सर्वत्र वापरायचे. स्वाक्षरीसाठी जाणारी अंतिम प्रत पीडीएफमध्ये काढायची, जी सोय त्या आवृत्तीत नव्यानेच आली होती. या तीन नियमांनी जेवढे काम सुकर झाले तेवढे महागड्या यंत्रानेही झाले नसते.

या कामात जे एक प्रकरण पुढे आले, त्याने माझे मत कायमचे बनवले. कर्मचाऱ्यांची ज्येष्ठतासूची काही वर्षांपूर्वी एका खासगी फाँटच्या आज्ञावलीत तयार झाली होती. ती आज्ञावली चालण्यासाठी संगणकाच्या मागे एक कुलूपवजा उपकरण लावावे लागे. ते नादुरुस्त झाले होते, पुरवठादाराने व्यवसाय बंद केला होता, आणि सूची तयार करणारा लिपिक बदलून गेला होता. फाइल संगणकात होती आणि कोणालाही उघडत नव्हती. त्याच सुमारास दोन कर्मचाऱ्यांच्या ज्येष्ठतेचा वाद उभा राहिला, आणि त्यांपैकी एकाच्या निवृत्तीला वर्षही उरले नव्हते. पदोन्नती मिळाली तर त्याचे निवृत्तिवेतन बदलणार होते. अखेर सेवापुस्तके आणि सूचीची एक छापील, ठिकठिकाणी फाटलेली प्रत यांवरून संपूर्ण सूची नव्याने टंकित करावी लागली. या कामात तीन महिने गेले. त्या कर्मचाऱ्याला न्याय मिळाला तो कागदाची प्रत कोणीतरी कपाटात ठेवली होती म्हणून. संगणकाचा त्यात काही वाटा नव्हता.

असे अनुभव देशात अनेक ठिकाणी येत असले पाहिजेत, कारण पुढील काही वर्षांत हालचाली वाढल्या. २००५ मध्ये केंद्र शासनाच्या पुढाकाराने तमिळ आणि नंतर हिंदीतील विनामूल्य फाँट व आज्ञावलींच्या सीडी वाटण्यात आल्या. त्याच वर्षी ओडीएफ हे दस्तऐवजांचे खुले मानक तयार झाले, आणि २००६ मध्ये त्याला आयएसओची मान्यता मिळाली. तामिळनाडूत सी. उमाशंकर या प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांच्या कार्यकाळात एल्कॉट या शासकीय उपक्रमाने आपले संगणक लिनक्स व ओपनऑफिसवर नेले. केरळने शाळांमधील संगणक शिक्षण लिनक्सवर उभे केले आणि २००७ च्या धोरणात मुक्त आज्ञावलींचा पुरस्कार केला. सी-डॅकने त्याच वर्षी बॉस ही भारतीय भाषांतील लिनक्स आवृत्ती दिली.

मायक्रोसॉफ्टचे ओओएक्सएमएल हे दुसरे मानक आयएसओपुढे मतदानास आले तेव्हा भारतीय मानक ब्यूरोच्या समितीने सप्टेंबर २००७ मध्ये विरोधी मत दिले आणि मार्च २००८ च्या फेरविचारातही ते कायम ठेवले. मानक बहुमताने मंजूर झाले. त्यावर अपील करणारे चार देश होते: भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला. अपिले फेटाळली गेली. पण कार्यालयातील पत्र कोणत्या स्वरूपात साठवावे, हा राष्ट्राने मत देण्याचा विषय आहे, हे त्यानिमित्ताने आपल्या प्रशासनाने मान्य केले.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. मानकासाठी स्वामित्वशुल्क द्यावे लागू नये, हा त्याचा गाभा. २०१५ च्या दुसऱ्या धोरणाने निविदांमध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्यास आणि त्या वगळल्यास कारणे मागण्यास सांगितले. धोरणे चांगली होती. परंतु ती माहिती तंत्रज्ञानाच्या विभागातून निघाली, आणि खरेदीचा आदेश, टंकलेखनाची परीक्षा व अभिलेख कक्षाचे नियम वेगवेगळ्या विभागांकडे राहिले. नोकरभरतीची टंकलेखन परीक्षा जुन्या फाँटवर घेतली गेली तर निवड झालेला लिपिक त्याच फाँटचा आग्रह धरणार, हे उघड आहे. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. २००३ मध्ये निर्णय घेऊन तिने सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेण्याचे काम २०१३ मध्ये पूर्ण केले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. आज्ञावलीची निवड राजकीय बहुमताबरोबर बदलू शकते. म्हणून दस्तऐवजाचे स्वरूप तिच्यावर अवलंबून ठेवता कामा नये, असा बोध मी त्यातून घेतो.

कायद्याचीही अपेक्षा हीच आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चे कलम ७ सांगते की इलेक्ट्रॉनिक अभिलेख जतन केला असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा त्यातील माहिती पुढे संदर्भासाठी वापरता येण्याजोगी राहील. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४ अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे व शक्य तेथे संगणकीकृत करण्याचे कर्तव्य लादते. उघडत नसलेली फाइल या दोन्ही कलमांच्या कसोटीला उतरत नाही. नागरिकाने मागितलेली माहिती 'फाँट उपलब्ध नाही' म्हणून नाकारता येईल असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

आज ओपनऑफिसची जागा बहुतांशी लिबरऑफिसने घेतली आहे आणि नस्त्या एनआयसीच्या ई-ऑफिस प्रणालीत फिरतात. २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने झोहो या भारतीय कंपनीचा कार्यालयीन संच वापरण्याचे निर्देश दिले. आज्ञावली आता संगणकावर न बसवता दूरच्या सर्व्हरवर वापरली जाऊ लागली आहे, त्यामुळे विंडोज की लिनक्स हा प्रश्न पुष्कळसा मागे पडला. स्वदेशी आज्ञावली असणे ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि कंपनी देशी असो वा विदेशी, तिच्याकडून आपले सर्व दस्तऐवज खुल्या स्वरूपात एकगठ्ठा बाहेर काढता येतात की नाही, ही कसोटी बदलत नाही.

माझी सूचना साधी आहे. कोणत्याही कार्यालयात सॉफ्टवेअर बसवण्याच्या आदेशात चार वाक्ये असावीत. सर्व भारतीय भाषांतील मजकूर केवळ युनिकोडमध्ये असेल. दीर्घकाळ जतन करावयाचे दस्तऐवज खुल्या मानकात साठवले जातील. करार संपताना पुरवठादार सर्व दस्तऐवज त्याच मानकात परत करील. आणि दरवर्षी अभिलेख कक्षाच्या तपासणीत दहा वर्षांपूर्वीच्या काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहिल्या जातील. यांपैकी चौथे सर्वांत स्वस्त आहे, आणि माझ्या पाहण्यात ते फार थोड्या कार्यालयांत होते. त्यासाठी नव्या निधीची वा मंजुरीची गरज नाही, कार्यालयप्रमुखाने वर्षातून एक दुपार दिली तरी पुरे. वाचकांपैकी जे अशा पदावर असतील त्यांनी येत्या तपासणीत हा प्रयोग करून पाहावा, आणि जी फाइल उघडणार नाही तिची छापील प्रत कपाटात आहे ना, हे त्याच दिवशी तपासून घ्यावे.